भीती वाटते म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही

प्रिय ताई,

तुमचे पत्र मिळाले. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा आशय मी वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कोणत्या प्रश्नांना आहे हे त्यांनाही कळेल.

तुम्ही नागपूरच्या एका शाळेत शिक्षिका आहात आणि तुमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून एकाच ख्रिस्ती मंडळीत आहे. दोन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, तुमचे पती हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. तेव्हापासून तुमची मुलगी दुचाकीवरून हिंगणा मार्गावरच्या महाविद्यालयातून परत येईपर्यंत तुमच्या घशाखाली घास उतरत नाही. रात्री तीनच्या सुमारास जाग येते, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो आणि उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. तीन महिन्यांपूर्वी स्तनात एक गाठ हाताला लागली. डॉक्टरांनी मॅमोग्राफीची चिठ्ठी दिली, ती तुम्ही पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानांत ठेवली आणि ती अजून तिथेच आहे. या भीतीवर उपाय म्हणून तुम्ही आठवड्यातून दोन दिवस उपास धरता आणि ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ हे वचन रात्रभर म्हणत राहता, पण भीती जात नाही. भगिनी मंडळातील एका ज्येष्ठ बाईंनी तुम्हाला सांगितले की भीती हे अविश्वासाचे लक्षण आहे आणि घरात कबूल न केलेले पाप असल्याशिवाय असे आघात एकामागून एक येत नाहीत. त्या दिवसापासून तुम्ही प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ मंडळीत होणारा विधी, घेणे बंद केले आहे. तुम्ही विचारता की तुमची श्रद्धा खोटी आहे का, देवाची प्रीती तुम्हाला जाणवत का नाही, आणि मुलीची गाडी काढून घ्यावी का.

सर्वप्रथम गाठीविषयी लिहिते, कारण बाकीच्या प्रश्नांना सवड देता येईल, या प्रश्नाला देता येणार नाही. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र तुमची गाठ कोणत्या प्रकारची आहे हे चाचपून, ती दुखते की नाही हे पाहून किंवा प्रार्थनेनंतर मनाला काय वाटते यावरून ठरत नाही. ती दुखत नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही, असे तुम्ही लिहिले आहे. हा समज चुकीचा आहे, कारण न दुखणाऱ्या गाठीचीही तितक्याच तातडीने तपासणी व्हावी लागते. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही क्षण दाबून चित्र घेतात. तेवढा वेळ त्रास होतो आणि तो लगेच संपतो. त्यासोबत सोनोग्राफी करतात आणि गरज वाटल्यास सुईने छोटा नमुना काढून तपासायला पाठवतात. निष्कर्ष चांगला निघाला तर तुम्ही तीन महिने विनाकारण जाळून घेतलेत असे होईल, आणि निष्कर्ष वाईट निघाला तरी आजार जितक्या आधी कळेल तितके उपचार सोपे आणि बरे होण्याची शक्यता अधिक, ही गोष्ट वैद्यकात निर्विवाद आहे.

नागपुरात या तपासणीसाठी दूर जावे लागत नाही. धंतोली आणि रामदासपेठेत खासगी रुग्णालयांची रांगच आहे, ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. खर्चाचा उल्लेख तुम्ही पत्रात ओझरता केला आहे, पण तो मनात घर करून असावा असे वाटते, म्हणून सांगते की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे आणि योजनेतील रुग्णालयांत त्याची माहिती देणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. तरीही सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली त्यांच्याकडेच या आठवड्यात पुन्हा जाणे. उशीर का झाला हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. भीतीमुळे तपासणी लांबवणाऱ्या स्त्रिया त्यांनी पुष्कळ पाहिलेल्या असतात.

ती चिठ्ठी पवित्र शास्त्रात ठेवून तुम्ही ती देवाच्या हवाली केली असे तुम्हाला वाटते. स्पष्ट लिहिते, राग मानू नका: तुम्ही ती तिथे लपवली आहे. देवाच्या हवाली केलेली गोष्ट पुन्हा हातात घेण्याची माणसाला धास्ती वाटत नाही, आणि तुम्ही तर ते पान उघडावे लागू नये म्हणून त्या भागातले वाचनच सोडून दिले आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि प्रेषित पौलाने त्याचा उल्लेख प्रिय वैद्य असाच केला आहे; दुखणाइतांना वैद्याची गरज असते हे येशूने स्वतः म्हटले आहे. डॉक्टरांकडे जाणे हे विश्वासात उणे पडल्याचे लक्षण असते, तर आपल्या मिशनरी पूर्वजांनी या देशात ठिकठिकाणी दवाखाने काढलेच नसते.

आता त्या वचनाकडे वळते, कारण तुमच्या दुःखाचे मूळ मला तिथे दिसते. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील ते वाक्य तुम्ही एकटे काढून घेतले आणि रात्रीच्या वेळी त्याचा एखाद्या औषधाच्या मात्रेसारखा प्रयोग केला. मात्रा घेतली, गुण आला नाही, म्हणून घेणाऱ्यातच दोष असला पाहिजे असा निष्कर्ष तुम्ही काढला. पण त्या वाक्याच्या मागचे आणि पुढचे वाचून पाहा. आदल्या ओळीत योहान न्यायाच्या दिवसाविषयी बोलतो आहे आणि त्या दिवशी आपल्याला धैर्य असावे असे म्हणतो आहे. त्याच वाक्यात पुढे, भीतीत शासन आहे, असे तो कारणही देतो. म्हणजे देवाची प्रीती जी भीती घालवून देते असे तो सांगतो, ती देव माझा हिशेब चुकता करणार आहे, मला शिक्षा देणार आहे, या समजुतीतून उपजलेली भीती आहे. अंधारात पायाखाली काही वळवळले तर दचकणे, लेकरू वेळेवर घरी आले नाही तर जीव खालीवर होणे, वैद्यकीय अहवालाच्या पाकिटाकडे पाहून हात थरथरणे, या भीतीविषयी योहान त्या ओळीत काही बोलतच नाही. ती देहाबरोबर आलेली आहे आणि देह असेतो राहील.

हा भेद मी इतका ताणून धरते याचे कारण असे की तुमच्यात दोन्ही प्रकारच्या भीती एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पतीच्या आकस्मिक मृत्यूनंतर मुलांविषयी आणि स्वतःच्या प्रकृतीविषयी धास्ती वाटणे ही पहिली गोष्ट झाली. ती शोकाचा भाग आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात अशा मृत्यूनंतर ती येते. त्या धास्तीवर दुसरी येऊन बसली, ती अशी की मला भीती वाटते म्हणून देव माझ्यावर रागावला आहे, तो रागावला आहे म्हणून ही गाठ आली आहे, आणि तपासणी केली तर त्याचा निकाल लेखी हातात पडेल. चिठ्ठी तीन महिने पानांत राहिली ती या दुसऱ्या भीतीमुळे. माणसे आजाराला घाबरूनही दवाखाना टाळतात हे खरे, पण तुमचे पत्र वाचताना मला राहून राहून जाणवले की तुम्ही मॅमोग्राफीच्या यंत्रासमोर रुग्ण म्हणून उभ्या राहणार नसून आरोपी म्हणून उभ्या राहणार आहात, अशी तुमची समजूत झाली आहे. देवाच्या प्रीतीवर विश्वास ठेवण्याने तुमच्या बाबतीत प्रथम ही समजूत सुटली पाहिजे. छातीची धडधड त्यानंतर शांत झाली तर उत्तम, आणि राहिलीच तर तिच्यासाठी वेगळे उपाय आहेत. ते पुढे सांगते.

त्या ज्येष्ठ बाईंचे म्हणणे शास्त्राला धरून आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. माझ्या मते ते शास्त्राच्या थेट विरोधात जाते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी, पाप याने केले की याच्या आईबापांनी, असे विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे त्याने लोकांना विचारले आणि स्वतःच नाही म्हणून सांगितले. संकटांमागून संकटे कोसळलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले तोवर त्यांनी चांगले केले. तोंड उघडून त्याच्या दुःखामागचे पाप शोधू लागल्यावर मात्र ते चुकत गेले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला.

आपल्या शहराचेच उदाहरण घ्या. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले, येथे शाळा चालवल्या, गोंड लोकांच्या जीवनाचा अभ्यास केला, या भागातील दगड आणि जीवाश्म गोळा करून भूशास्त्रात नाव मिळवले, आणि सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटकडून रात्री घोड्यावरून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून गेले. मागे पत्नी आणि मुले राहिली. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयावरून आपण रोज जातो आणि तो मृत्यू कोणत्या पापाची शिक्षा होता असा विचारही कोणाच्या मनात येत नाही. मग तुमच्या पतीच्या मृत्यूविषयी तो विचार करण्याचा अधिकार कोणाला कसा मिळाला? तुमच्या पत्रावरून ते रक्तदाबाच्या गोळ्या मनाला येईल तशा घेत होते आणि त्यांच्या वडिलांनाही हृदयविकार होता. कारण शोधायचेच असेल तर ते तिथे आहे, आणि त्यातही अपराध शोधू नये.

तुमची श्रद्धा खोटी आहे का, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी तीन माणसांची नावे घेते. पहिला एलीया. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेली राणीच्या एका निरोपाने घाबरून रानात पळून गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि आता मरण येऊ दे म्हणाला. देवाने त्याला पापाची कबुली मागितली नाही, वचने पाठ करायला लावली नाहीत, अविश्वासू म्हटले नाही. तो झोपी गेला. दूताने त्याला जागे केले तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. त्याने खाल्ले, प्याला आणि पुन्हा झोपला, आणि दूताने दुसऱ्यांदाही त्याला खायलाच घातले, कारण पुढची वाट त्याच्या आवाक्याबाहेरची होती. प्रश्न आणि उत्तरे पुढे होरेब डोंगरावर झाली. आधी जेवण झाले, झोप झाली. ताई, तुम्ही रात्री धड झोपत नाही आणि आठवड्यातले दोन दिवस जेवत नाही. उपासाची परंपरा मला ठाऊक आहे आणि तिचा मान मी राखते, पण झोप उडालेल्या, शोकातून जाणाऱ्या शरीराला उपाशी ठेवले की थरथर आणि धडधड वाढतेच, आणि ती वाढली की तुम्ही आणखी एक उपास धरता. तपासणी होऊन झोप मार्गावर येईपर्यंत उपास बंद ठेवा.

दुसरा पौल. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो मासेदोनियातील दिवसांविषयी लिहितो की देहाला स्वस्थता नव्हती, बाहेर भांडणे होती आणि आत भीती होती. पौलाने आपल्या आत भीती होती हे सर्व मंडळीला वाचून दाखवण्याच्या पत्रात लिहून ठेवले, आणि त्याबद्दल क्षमा मागितली नाही. देवाने आपले सांत्वन कसे केले हेही त्याने तिथेच सांगितले आहे: त्याचा सहकारी तीत आला. सांत्वनासाठी देवाने एक माणूस पाठवला, तो दार उघडून आत आला आणि त्याने करिंथची बातमी सांगितली.

तिसरे नाव सांगायला नको, ते येशूचेच. गेथशेमानेच्या बागेत ज्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला आणि ज्याने हा प्याला टळावा म्हणून तीन वेळा प्रार्थना केली, त्याच्याविषयी त्याच्या पित्याची प्रीती त्या रात्री कमी झाली होती असे कोणताही ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. त्याने मित्रांना जागे राहण्याची विनंती केली होती. ते झोपले, आणि त्याचे त्याला वाईट वाटले. भीतीच्या वेळी कोणी सोबत असावे असे वाटणे यात कमीपणा नाही, एवढे तरी त्या रात्रीवरून तुम्ही घ्यावे.

देवाची प्रीती जाणवत का नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. प्रीती म्हणजे उपासनेच्या वेळी अंगावर येणारा रोमांच, अशी एक समजूत अलीकडच्या मोठ्या सभांमधून आणि तिथल्या साक्षींमधून पसरली आहे, आणि ज्यांना तो रोमांच येत नाही त्यांना ती फार एकटे पाडते. शोकात माणूस बधिर होतो. त्याला जेवणाची चव लागत नाही, गाणे गोड लागत नाही, तसेच देवाचे सान्निध्यही जाणवत नाही. जाणवत नाही म्हणून ते नसते असे होत नाही. तुमच्याच पत्रात तुम्ही दोन ओळी सहज लिहून पुढे गेला आहात: पती गेले त्या महिन्यात शेजारच्या काकूंनी रोज दोन्ही वेळचा डबा पाठवला, आणि शाळेतील सहकारी शिक्षिकेने तुमचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे न विचारता स्वतःच्या घरी नेऊन तपासले. पौलाला तीत ज्या मार्गाने भेटला त्याच मार्गाने ही माणसे तुम्हाला भेटली आहेत. तपासणीला जाताना यांच्यापैकी एकीला सोबत चला म्हणून सांगा. एकटीने जाऊन धैर्य सिद्ध करण्याची काही आवश्यकता नाही.

आता रात्रीविषयी. तीन वाजता जाग येऊन छाती धडधडू लागते तेव्हा शरीर तुम्हाला संकटापासून वाचवण्याची तयारी करत असते. हृदयाची गती वाढते, श्वास उथळ होतो, हातपाय गार पडतात. त्या वेळी अंथरुणात पडून त्याच्याशी झगडू नका. उठून बसा, दिवा लावा, श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडा, असे काही मिनिटे करा. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. ते वचन त्या वेळी म्हणू नका, निदान काही आठवडे तरी, कारण आता ते तुमच्यासाठी परीक्षेचा प्रश्न झाले आहे. त्याऐवजी स्तोत्रसंहितेतील तेरावे किंवा छप्पन्नावे स्तोत्र मोठ्याने वाचा. तेराव्यात, किती वेळ मला विसरणार, असे देवाला धारेवर धरले आहे. छप्पन्नावे दावीद गथ येथे पलिष्ट्यांच्या हाती सापडला त्या प्रसंगाचे म्हणून दिलेले आहे, आणि त्यात मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन असे म्हटले आहे. भीती गेल्यावर भरवसा ठेवीन असे दावीद म्हणत नाही. भीती वाटत असतानाच तो भरवसा ठेवतो.

त्यानंतर आपल्या शब्दांत प्रार्थना करा आणि तीत भीतीचे नाव घ्या. ‘प्रभू, मला शांती दे’ असे मोघम न म्हणता, मला स्तनाच्या कर्करोगाची भीती वाटते, मी गेले तर मुलांचे कोण करील याची भीती वाटते, यांना तू का नेलेस याचा मला राग आहे, असे स्पष्ट म्हणा. देवाशी असे बोलणे उद्धटपणाचे होईल असे वाटत असेल तर आपल्या मराठी मुलुखाची आठवण करा. विठ्ठलाशी भांडणाऱ्या, त्याला निष्ठुर म्हणणाऱ्या तुकोबांच्या भक्तीविषयी कोणी शंका घेत नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत ज्यांच्या हाती प्रथम नवा करार पडला ते ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणत. ज्याच्या प्रेमाची खात्री असते त्याच्याशीच माणूस भांडतो. परक्याशी आपण जपून बोलतो.

हे सर्व करूनही काही आठवडे झोप लागली नाही, शाळेत शिकवताना हात थरथरले किंवा जगणे नको वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्याआधी साध्या डॉक्टरांकडून रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण थायरॉइड अधिक काम करू लागले तरी अशीच धडधड आणि अस्वस्थता होते आणि बिचारी माणसे तिला श्रद्धेचा प्रश्न समजून बसतात. रात्री अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर 14416 हा शासनाचा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मनाच्या आजारावर गोळ्या घेणे आणि रक्तदाबावर घेणे यात देवाच्या दृष्टीने काही फरक असेल असे मला वाटत नाही.

मुलीच्या गाडीविषयी माझे मत असे की ती काढून घेऊ नये. भीतीचा स्वभाव असा आहे की तिच्यासाठी एक दार बंद केले की ती दुसऱ्या दाराशी जाऊन उभी राहते. गाडी गेली की मैत्रिणीकडे जाणे खटकेल, मग सहल, मग नोकरीसाठी पुण्याला जाणे. सध्या तुम्ही तिला दिवसातून आठदहा वेळा फोन करता. प्रत्येक फोननंतर क्षणभर हायसे वाटते आणि त्या क्षणभराच्या सुखाची सवय लागून पुढचा फोन लवकर करावासा वाटतो. पोहोचल्यावर एक आणि निघताना एक संदेश तिने पाठवावा, एवढेच दोघींनी ठरवा, आणि मधल्या वेळात फोन करावासा वाटला तरी करू नका. पहिले काही दिवस फार जड जातील; मग हळूहळू जीव स्थिरावतो. रस्त्यावरचा धोका मात्र काल्पनिक नाही, म्हणून चांगल्या प्रतीचे हेल्मेट आणि त्याचा पट्टा बांधलेला असणे यावर अजिबात तडजोड करू नका. मुसळधार पावसाच्या दिवशी सीताबर्डीहून मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत जाता येते, तो पर्याय तिच्यासमोर ठेवा, पण निवड तिला करू द्या. आणि गाठीविषयी तिला सांगा. एकोणीस वर्षांच्या मुलीपासून ही गोष्ट लपत नाही. आई काहीतरी लपवते आहे एवढे तिला नक्की कळलेले असेल, आणि काय ते न कळल्यामुळे तीही आपल्या परीने घाबरत असेल.

भगिनी मंडळात जावे की नाही हे तुम्ही विचारलेले नाही, पण ओळींमधून ते दिसते. त्या बाईंशी वाद घालू नका. त्यांनाही कोणीतरी तरुणपणी हेच शिकवले असावे, आणि दुसऱ्याच्या दुःखाला कारण सापडले की ते आपल्या घरी येणार नाही असे वाटून माणसाला धीर येतो, हा मनुष्यस्वभाव आहे. काही महिने त्या सभेला गेला नाहीत तरी मंडळी सुटत नाही. आपल्या पाळकांना मात्र वेळ मागून भेटा आणि हे सर्व जसे मला लिहिले तसे त्यांना सांगा, कारण मंडळीत असे शिकवले जात असेल तर ते त्यांना कळायला हवे, आणि एका सदरलेखिकेपेक्षा त्यांच्या तोंडून ऐकलेल्या शब्दाचे वजन तुमच्यासाठी अधिक असेल.

राहता राहिले प्रभुभोजन. भीती मनात असताना त्या मेजाशी जाणे म्हणजे अयोग्य रीतीने ते घेणे होईल, असे तुम्ही पौलाच्या इशाऱ्याचा आधार घेऊन लिहिता. करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक आधीच येऊन खाऊन पिऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत, त्यावरून पौल रागावला होता; भेदरलेल्या विधवेला दूर ठेवण्यासाठी त्याने ते लिहिले नाही. ज्या रात्री ते भोजन प्रथम झाले त्या रात्री मेजाभोवती बसलेले सर्वजण काही तासांतच जीव वाचवण्यासाठी पळाले, आणि पेत्राने तर एका दासीला घाबरून आपण त्याला ओळखतच नाही असे सांगितले. येशूला हे आधीच माहीत होते, तो तसे मेजावर बोललाही, आणि तरी त्याने भाकर मोडून प्रत्येकाला दिली. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी तुम्ही जा आणि रांगेत उभ्या राहा. हात थरथरत असतील तर थरथरू द्या. तपासणीचा अहवाल त्या वेळेपर्यंत हाती आलेला असो वा नसो, त्यासाठी थांबू नका, आणि अहवाल आल्यावर मला अवश्य लिहा.